ज्याची ओटी, त्याचा नियम

मुलगी परदेशात शिकायला चालली आहे हे कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न फीचा नसतो, अभ्यासाचाही नसतो. राहणार कुठे? जेवणार काय? आणि त्या घरात कोण कोण आहे? हे तीन प्रश्न आम्हा नवरा-बायकोला पनवेलच्या बाजारात मासे घेताना, लग्नाच्या मांडवात, एवढंच काय, मय्यतीच्या घरी बसलेलो असतानासुद्धा विचारले गेले. विचारणारे आपलेच होते आणि प्रश्न रास्तच होते. आमची मुलगी हॉस्टेलवर चालली नव्हती, की कुणा चाचा-मामाकडेही नाही. ती एका अनोळखी अमेरिकन घरात, त्या घरचीच एक होऊन दहा महिने राहणार होती. वय वर्षं सोळा.

या महिन्यात या विषयावर लिहायचं ठरवलं ते याचसाठी. अशा संधीची चौकशी करणारी घरं आता आपल्या समाजात वाढत आहेत. मुली स्वतः माहिती काढतात, अर्ज आणतात आणि आई-वडिलांसमोर ठेवतात. सहीची जागा आपली असते. त्या सहीआधी काय विचारावं आणि मनाची तयारी कशी करावी, हे आम्ही आमच्या अनुभवातून सांगू शकतो. आणि या सगळ्यात आम्हाला सर्वात जास्त शिकवून गेली ती एक रविवारची दुपार, जिच्यात पोरीने एक पानही वाचलं नाही, फक्त सात वर्षांच्या एका मुलाशी सोंगट्या खेळली.

योजना काय आहे

आधी थोडी माहिती. शाळकरी मुलांनी दुसऱ्या देशात एका घरात राहून तिथल्या शाळेत शिकायचं, ही पद्धत जुनी आहे. या कामात नावाजलेली एएफएस ही संस्था मुळात शाळेची नव्हतीच. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना दवाखान्यात पोहोचवणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका-चालकांची ती संघटना होती. दोन महायुद्धं जवळून पाहिलेल्या या लोकांना वाटलं, की पोरं एकमेकांच्या घरी राहिली तर उद्या एकमेकांवर बंदुका रोखताना विचार करतील. म्हणून 1947 पासून त्यांनी शाळकरी मुलांची देवघेव सुरू केली.

आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली योजना त्यानंतर खूप वर्षांनी आली. 11 सप्टेंबर 2001 च्या घटनेनंतर अमेरिकेत मुसलमानांबद्दल जो संशय पसरला तो आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात, ऑक्टोबर 2002 मध्ये, अमेरिकन सरकारने केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी, थोडक्यात ‘येस’, ही शिष्यवृत्ती सुरू केली. एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांची नावं तिला आहेत. ज्या देशांत मुस्लिम लोकसंख्या मोठी आहे अशा देशांतली शाळकरी मुलं निवडायची, त्यांना अमेरिकेत एका कुटुंबात ठेवायचं आणि एक शालेय वर्ष तिथल्या हायस्कुलात शिकवायचं, अशी ती कल्पना. भारताचाही तिच्यात समावेश झाला आणि इथलं काम एएफएस इंडियाकडे आलं. प्रवासखर्च आणि विमा शिष्यवृत्तीतून होतो. मुलांना ठेवून घेणारी कुटुंबं मात्र पैसे घेत नाहीत. ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांना पटवायला सर्वात कठीण गेली. “फुकट कोण ठेवतंय दहा महिने?” असं एक चाचा म्हणाले. त्यांना आम्ही एवढंच म्हटलं, की तुमच्या वडिलांनी गावाकडून शिकायला आलेली किती पोरं फुकट ठेवली होती, ते जरा आठवा. चाचा हसले.

पाहुणी आणि मुलगी यांतलं अंतर

मुलगी ऑगस्टमध्ये गेली. अमेरिकेच्या मध्य भागातलं लहान गाव, भोवती मक्याची शेतं. घरात आई, वडील आणि सात वर्षांचा एक मुलगा. तिची खोली वेगळी. डुकराचं मांस खाणार नाही, हलाल नसेल तिथे मासे, अंडी, भाज्या चालतील, पाच वेळा नमाजला बसेन, हे सगळं अर्जातच लिहिलं होतं आणि त्या घराने ते वाचूनच होकार दिला होता.

पहिले दीड महिने तिच्या फोनवरून काही तक्रार ऐकू आली नाही. काही आनंदही ऐकू आला नाही. सगळं ‘छान’ होतं. जेवण छान, शाळा छान, हवा छान. ज्यांना मुली आहेत त्यांना हा ‘छान’ बरोबर कळेल. ती तिथे पाहुणी होती. पाहुणा कपबशी विसळायला उठतो आणि ‘राहू द्या’ म्हटलं की पुन्हा बसतो. फ्रिज उघडताना विचारतो. हसू आलं तरी आधी इतर हसतात का ते पाहतो. घर त्याला मिळालेलं असतं, पण घरातली जागा मिळालेली नसते.

मोठ्या माणसांमध्ये ही जागा मिळायला वेळ लागतो. दोन्हीकडून अदब असते, बोलताना भाषा अडते, चुकीचा शब्द जाईल की काय ही भीती असते. लहान मुलाला यातलं काही नसतं. त्याला खेळायला कुणीतरी हवं असतं, बस.

पावसाची दुपार

ऑक्टोबरमधला रविवार होता. त्या मुलाचा फुटबॉलचा सराव पावसामुळे रद्द झाला होता. पनवेलच्या पावसात वाढलेल्या पोरीला तो पाऊस म्हणजे नुसती पिरपिर वाटली, पण तिथे मैदानं बंद झाली. मुलगा कंटाळून घरभर फिरत होता. शेवटी त्याने कपाटातून एक चपटा खोका काढला आणि हिच्यासमोर ठेवला. “हा खेळ येतो?”

पट उघडला आणि ती बघतच राहिली. अधिक चिन्हासारखा पट, चार कोपऱ्यांत चार रंग, प्रत्येक रंगाच्या चार सोंगट्या, मधोमध घर. आमच्या घरी आजारी माणसाच्या उशाशी आणि रमजानच्या दुपारी जो पट निघतो, तोच. खोक्यावर नाव होतं ‘पार्चिसी’.

“हा तर आमचा आहे!” ती म्हणाली.

“नाही, माझा आहे. वाढदिवसाला मिळालाय,” तो म्हणाला.

दोघंही खरं बोलत होती. पार्चिसी म्हणजे आपली पचिसी. कवड्यांवर पडणारं सर्वात मोठं दान पंचवीस, म्हणून पचिसी. फतेहपूर सिक्रीला गेलेल्यांनी दगडी अंगणात आखलेला तिचा भलामोठा पट पाहिला असेल. बादशाह अकबराच्या काळातला म्हणून तो दाखवतात. हा खेळ पुढे परदेशात गेला आणि 1874 मध्ये अमेरिकेत ‘पार्चिसी’ या नावाची नोंदणी झाली. इंग्लंडमध्ये त्याचंच सोपं रूप लुडो म्हणून 1896 मध्ये पेटंट झालं, आणि तो लुडो फिरून आपल्याच घरी आला. सापशिडीचंही तसंच. आपल्याकडचा जुना मोक्षपट साहेबाच्या देशात गेला, आणि तिथून अमेरिकेत पोहोचला तेव्हा साप गळून पडले. 1943 साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने तिथे काढलेल्या खेळात सापांऐवजी घसरगुंड्या आहेत. सोंगट्यांनी आपल्या मुलांच्या कितीतरी आधी परदेशात घरं शोधली होती.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला भांडण झालं. तिच्या फाशावर सहा पडले, तिने सोंगटी घराबाहेर काढली. मुलगा ओरडला, “नाही! पाच पडल्यावर सुटते!” ती म्हणाली, सहावर सुटते, सगळ्या जगात सहावर सुटते. त्याने खोक्याच्या झाकणावर छापलेले नियम बोटाने दाखवले. पार्चिसीत खरंच पाचवर सुटते. फासेही दोन असतात. सोंगटी मारली की वीस घरं बक्षीस मिळतात. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात बसल्या की मागच्या कुणालाही पुढे जाता येत नाही. तीनदा लागोपाठ जोडी पडली की पुढे गेलेली सोंगटी परत मुळाशी. हे शेवटचं ऐकून तिला हसू आलं. आपल्याकडेही तीन सहा लागोपाठ पडले की डाव जळतो. नशीब फार जोरात आलं की त्याला आवर घालायचा, एवढं मात्र दोन्हीकडच्या लोकांना सुचलेलं आहे.

पण पाच की सहा? इथे तिला दादीची आठवण झाली.

दादीच्या ओटीवर

आमच्या अम्मी, म्हणजे मुलीची दादी, जुन्या पनवेलात वाढल्या. 1852 साली नगरपालिका झालेलं हे गाव. खाडीचं बंदर, तांदळाची उतारपेठ, आणि आजूबाजूला सर्व जातीधर्मांचे शेजारी. त्यांत बेने इस्रायली ज्यूही होते. त्यांचं 1849 साली बांधलेलं बेथ एल सिनेगॉग पनवेलात आजही उभं आहे, आणि गावातल्या एका तळ्याचं नाव अजूनही इस्रायल तलाव आहे. 1948 नंतर त्यांची बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. पण अम्मींच्या लहानपणी शेजारच्या ओटीवर त्यांच्या मुली होत्या. यांचा शुक्रवार, त्यांचा शनिवार. डुक्कर दोन्ही घरांत वर्ज्य. बोली मात्र दोघींची तीच कोकणी-मराठी.

दुपारी खेळ चालायचा चल्लस-आठ. खडूने पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरं आखायची, चार कवड्या टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. पण घराघरात नियमाला फरक. एका घरी चल्लस पडल्यावर सोंगटी बसायची, दुसऱ्या घरी एक पडला तरी बसायची. मग रोज भांडण, रोज रडीचा डाव. शेवटी कुणा आजीने तोडगा काढला, “ज्याची ओटी, त्याचा नियम. तिच्या ओटीवर खेळाल तर तिचा, तुझ्या ओटीवर खेळाल तर तुझा.” अम्मींनी हे वाक्य आमच्या मुलांना इतक्यांदा ऐकवलंय, की घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा याच कायद्याने चालतो.

आमच्या मुलीने त्या दुपारी तेच केलं. म्हणाली, “पट तुझा, घर तुझं, तर पहिला डाव तुझ्या नियमाने. दुसरा डाव माझ्या.” मुलाने विचार केला आणि हात पुढे केला. सौदा झाला.

पहिला डाव तो जिंकला. त्याने तिच्या दोन सोंगट्या मारल्या आणि दोन्ही वेळा खोलीभर नाचून आला. दुसऱ्या डावासाठी तिने पार्चिसी बाजूला ठेवली आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने पंचवीस घरं आखली. कवड्या कुठून आणणार? स्वयंपाकघरात पिस्त्यांची बरणी होती. पिस्त्याची अर्धी टरफलं कवडीसारखीच पडतात, कधी उताणी, कधी पालथी. चार टरफलं घेतली. सोंगट्यांना बटणं. मुलाने ‘चल्लस’ हा शब्द दहादा म्हणून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो वेगळाच झाला.

खेळ मध्यावर असताना असरची वेळ झाली. “दहा मिनिटं थांब,” म्हणून ती उठली. याआधी ती दार लावून नमाज पढायची आणि त्याने कधी काही विचारलं नव्हतं, पण आज ती त्याची खेळगडी होती. “कुठे चाललीस? तुझा डाव आहे!” तिने सांगितलं. तो धावत जाऊन आपलं खेळण्यातलं होकायंत्र घेऊन आला. कुठल्या दिशेला तोंड करतेस, दाखव. ईशान्य. त्याने काटा नीट जुळवला आणि मान डोलावली. नमाज होईपर्यंत पटाजवळ पहारा देत बसला, टरफलांना कुणी हात लावू नये म्हणून. घरात दुसरं कुणीही नव्हतं ज्याला त्यात हात घालायचा होता.

दिशेचं ऐकून आमच्या अम्मी चकित झाल्या. पनवेलात आपण पश्चिमेकडे तोंड करतो, मग अमेरिकेतून पूर्वेकडे हे समजतं, पण ईशान्य कशी? जमीन गोल असल्याने तिथून मक्केला जाणारी सर्वात जवळची वाट आधी उत्तरेकडे झुकते आणि अटलांटिक समुद्रावरून वळसा घेत खाली येते. विमानंही साधारण अशाच वाटेने जातात. सात वर्षांच्या मुलाच्या होकायंत्रामुळे आमच्या घरात त्या दिवशी भूगोलाचा तास झाला.

मुलाने विचारलेला प्रश्न

लहान मुलं अदब पाळत नाहीत, म्हणून त्यांचे प्रश्न सरळ असतात. त्या दुपारी त्याने पुष्कळ विचारलं. डोक्याचा रुमाल झोपतानाही बांधतेस का? रोजा असताना पाणीही नाही? थुंकी गिळली तर? तिने सगळ्यांची उत्तरं दिली. जे प्रश्न घरातल्या मोठ्यांच्या मनात दीड महिना अडून बसले असतील, ते त्याने चार कवड्यांच्या डावात मोकळे केले. त्याची आई शेजारच्या खोलीतून ऐकत होती. संध्याकाळी ती मुलीला म्हणाली, “मला विचारायचं होतं, पण तुला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही.”

एका प्रश्नाला मात्र तिला उत्तर देता आलं नाही. त्याने विचारलं, “तुझ्या आईला तुझी आठवण येते?” येते, ती म्हणाली. “मग तिने तुला का पाठवलं?”

त्यांच्याकडे रविवारी रात्रीचे नऊ वाजले होते, आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसात. डबे भरण्याची घाई. फोनवर पोरीने सगळी दुपार सांगितली. दीड महिन्यात पहिल्यांदाच ‘छान’ हा शब्द एकदाही आला नाही. आणि शेवटी तो प्रश्न तिने आमच्याकडे सरकवला. “अम्मी, त्याला काय सांगू?”

का पाठवलं

त्याचं उत्तर आम्ही त्या दिवशी नीट दिलं नाही, डब्यांची वेळ होती. पण विचार करत राहिलो, आणि आपल्याच मुलखातल्या दोन बायका आठवल्या.

एक कल्याणच्या आनंदीबाई जोशी. त्या 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. डॉक्टर होण्याआधी त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांची ओळख फक्त पत्रांतून झालेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. त्या घरात लहान मुली होत्या. साडी, शाकाहार, सगळं सांभाळून आनंदीबाई त्या घरच्या झाल्या. 1886 च्या मार्चमध्ये त्यांनी फिलाडेल्फियातून वैद्यकीची पदवी घेतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी न होता, पुण्यात त्या वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि बाईंनी त्या पकिप्सी इथल्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. परक्या मुलीला आपल्या माणसांच्या शेजारी कायमची जागा देणं, याहून मोठं नातं ते काय?

दुसऱ्या अतिया फैजी. आपल्या रायगडातल्या जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांच्या त्या बहीण. 1906 साली सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या. तिथून त्या रोजनिशी लिहून घरी पाठवत, आणि ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या बायकांच्या साप्ताहिकात छापून येई. पुढे 1921 मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ नावाने तिचं पुस्तक झालं. म्हणजे एका मुसलमान मुलीने परदेशात काय पाहिलं, काय खाल्लं, कुणाला भेटली, हे शंभर वर्षांपूर्वीच्या पडद्यातल्या बायका घरात बसून वाचत होत्या. आज आपण या मासिकात असा विषय काढतो, यात नवं काहीच नाही.

या दोघी गेल्या म्हणून मागच्यांना वाट दिसली. आमच्या मुलीला आम्ही पाठवलं ते एवढ्यासाठीच, की आपल्या घराबाहेरही माणसं आहेत, त्यांचे नियम आपल्यापेक्षा वेगळे आहेत, आणि वेगळे म्हणजे वैरी नव्हेत, हे तिला स्वतः पाहून कळावं. आणि त्या घराने आपल्याबद्दल बातम्यांत जे ऐकलं असेल, त्याच्या शेजारी एक चेहराही असावा. पुढच्या रविवारी आम्ही हे मुलीला सांगितलं. तिने सात वर्षांच्या माणसाला कळेल असं त्याचं भाषांतर केलं: “तुझ्याशी खेळायला पाठवलं.” त्याला ते पूर्ण पटलं.

आणि त्याने तिला नावाने हाक मारणं सोडून दिलं. आमचा धाकटा फोनवर तिला ‘आपा’ म्हणतो हे त्याने ऐकलं होतं. तोही ‘आपा’ म्हणू लागला.

मुलांशी खेळण्याला आपण कमी समजतो. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक लहान पक्षी पाळला होता. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) त्या घरी येत तेव्हा त्या मुलाशी गंमतीने बोलत आणि पक्ष्याची खुशाली विचारत. एवढ्या मोठ्या कामाचा भार खांद्यावर असताना पोराच्या पक्ष्यासाठी वेळ होता. मग आपल्याला का नसावा?

सहीआधी काय विचारावं

ज्या घरी असा अर्ज येईल, त्यांच्यासाठी काही गोष्टी.

पहिली, त्या वर्षी योजना चालू आहे का आणि मुलाची शाळा तिच्यात बसते का, हे संस्थेकडूनच विचारून घ्या. सरकारी योजना बदलतात. मधला दलाल पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

दुसरी, नियम माहीत करून घ्या. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या देवघेवीसाठी सरकारने नियम घातलेले आहेत. यजमान घराची प्रत्यक्ष पाहणी होते. त्या घरातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाची पोलिसी पार्श्वभूमी तपासतात. मुलाला स्वतःचा पलंग असलाच पाहिजे. संस्थेचा स्थानिक समन्वयक 120 मैलांच्या, म्हणजे साधारण 190 किलोमीटरच्या आत राहणारा असावा लागतो, आणि त्याने दर महिन्याला मुलाशीही आणि घराशीही बोलायचं असतं. हे आपले हक्क आहेत. समन्वयकाचं नाव आणि फोन मुलाच्या वहीत आणि आपल्या भिंतीवर, दोन्हीकडे असू द्या. घर जमलं नाही तर बदलून मिळतं का आणि कसं, हेही निघण्याआधीच विचारा. आणि मुलीला स्पष्ट सांगा, मन घाबरलं तर लाजू नकोस, रात्रीचे तीन वाजले असले तरी फोन कर.

तिसरी, आपल्या गोष्टी आधीच लिहून द्या. खाणं, नमाज, रोजे, पोशाख. घरात मोठी मुलं कोण आहेत, कुत्रा आहे का, खोली कुणासोबत आहे, हे विचारा. आधी विचारलेला प्रश्न साधी चौकशी असतो. तोच तिथे पोहोचल्यावर विचारला तर तक्रार वाटते.

चौथी, रोज फोन करू नका. हे आम्हाला फार जड गेलं. पण जी पोर रोज दोन तास पनवेलशी बोलते, ती तिथल्या घराशी कधी बोलणार? आम्ही आठवड्यातून एक दिवस ठरवला आणि पाळला.

पाचवी, भेट म्हणून महागाचं काही देण्यापेक्षा एखादा खेळ द्या. चार कवड्या, सागरगोटे, कापडी पट. शोभेची वस्तू कपाटात जाते. खेळाला मात्र दोन माणसं समोरासमोर बसवावीच लागतात.

आपल्या ओटीवर

शेवटची गोष्ट आपल्या घराची. ही वाट एकेरी नाही. 2009 पासून ‘येस अब्रॉड’ या नावाने अमेरिकन मुलांनाही असंच दुसऱ्या देशांत पाठवू लागले, आणि त्यांत भारतही होता. इतर देशांतली मुलंही एएफएसमार्फत भारतातल्या घरांत राहून जातात. ती मुलं कुणाच्या घरी उतरतात? जी घरं दार उघडतात त्यांच्या. त्यांत आपली घरं किती?

मेहमाननवाजीत आपण कुणाला हार जात नाही. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला आपण उठू देत नाही. पण एक रात्र पाहुणा ठेवणं वेगळं आणि दहा महिने पोर ठेवणं वेगळं. त्या पोराला कपबशी विसळू द्यावी लागते. चुकलं तर रागवावंही लागतं. आपल्या घरातले नियम, जे आपण कधी बोलून दाखवत नाही, ते शब्दांत सांगावे लागतात. बाथरूममध्ये तांब्या का असतो, दस्तरखानावर आधी मोठ्यांना का वाढतात, फजरला घरात दिवा का लागतो. सांगता सांगता आपल्यालाही ते नव्याने कळतात.

आणि कधीतरी त्याचाही डाव त्याच्या नियमाने खेळावा लागतो. आमच्या धाकट्याने आतापासूनच सांगून ठेवलंय, की आपल्याकडे असं कुणी आलं तर आपण पाचवर सोंगटी सोडायची. पण दुसऱ्या डावात.